नवरा-बायको मिळून किटो सुरू करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे आणि कराडमध्ये काम करते. दोन वर्षांपूर्वी माझ्या आई-बाबांनी मोबाइलवरचा एक व्हिडिओ बघून, मला न कळवता, किटो (भाकरी-भातासारखी कर्बोदकं जवळजवळ बंद करण्याचा आहार) सुरू केलं. बाबांना १२ वर्षांचा मधुमेह, आईचं वजन ७८ किलो आणि साखर काठावर. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा मंडईत घामाघूम झाले, हात थरथरायला लागले, बोलणं जड झालं. शेजारच्या चहावाल्याने साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. त्यांनी भाकरी सोडली होती, पण गोळी भाकरीच्या हिशेबानेच चालू होती. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांशी मी आधी गोळ्यांविषयी बोलते, मग ताटाविषयी. इथेही क्रम तोच ठेवला आहे.

सोमवारपासून सुरू करायचं ठरवलंय. सगळ्यात आधी काय करू?

दोघांच्याही सगळ्या गोळ्या टेबलावर काढा आणि पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. ब्रँडच्या नावाखाली औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं, ते बघा. खाली सांगितलेल्यांपैकी काही सापडलं तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय भाकरी कमी करू नका.

पहिला गट ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांचा. ही औषधं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही काय जेवलात हे न बघता. ताटातली कर्बोदकं गेली आणि गोळी तेवढीच राहिली, की साखर ७० च्या खाली जाते. बाबांचं तेच झालं. आपल्याकडे ग्लिमेपिराइड बऱ्याचदा मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत असतं, म्हणून ‘मी फक्त मेटफॉर्मिन घेतो’ असं सांगणाऱ्यांचंही पाकीट मी मागून घेते. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांना हाच धोका आहे, अधिकच. यातल्या काहींचा डोस पहिल्याच दिवसापासून कमी करावा लागतो. किती, ते डॉक्टरच ठरवतील.

दुसरा गट नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असणाऱ्यांचा: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या किटोसोबत चालू राहिल्या तर रक्तात आम्ल साचून कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो, आणि तोही साखर फारशी वाढलेली नसताना. हीच यातली भीती. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं सुरू होतं, ग्लुकोमीटर १६०-१७० दाखवतो आणि घरचे म्हणतात, साखर तर ठीक आहे, पित्त झालं असेल. असं काही झालं तर थेट रुग्णालयात जा आणि तिथे औषधाचं नाव व किटो चालू असल्याचं आपणहून सांगा. या गोळ्या काहींना हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी दिलेल्या असतात, त्यामुळे त्या स्वतःहून बंद करणंही तितकंच चुकीचं. अशांना मी तरी किटो करायला सांगत नाही. कर्बोदकं बेताने कमी करण्याचा मार्ग त्यांच्यासाठी आहे.

तिसरा गट रक्तदाबाच्या गोळ्यांचा. पहिल्या एक-दोन आठवड्यांत शरीरातून पाणी आणि मीठ बरंच बाहेर जातं, रक्तदाब उतरतो. उठल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येत असेल तर दाब मोजा आणि डॉक्टरांना कळवा.

नुसतं मेटफॉर्मिन, किंवा सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन यांसारखी औषधं चालू असतील तर साखर एकदम घसरण्याची भीती कमी असते. तरी सांगायचं ते सांगायचंच.

डॉक्टर नको म्हणाले तर?

कारण विचारा. मूत्रपिंडाचा त्रास, डोळ्याच्या पडद्यातला बदल, हृदयाचा जुना इतिहास, यातलं काही त्यांना दिसत असेल तर ऐका. कारण पटलं नाही तर दुसऱ्या मधुमेहतज्ज्ञाकडे जा. पण त्यांना अंधारात ठेवून सुरू करू नका.

किटो म्हणजे नक्की काय? भाकरी-भात सोडला की झालं किटो?

नाही. आपल्या जेवणातली साठ टक्क्यांच्या वर ऊर्जा पोळी, भाकरी, भात, पोहे, साखर अशा कर्बोदकांतून येते. किटोत दिवसभराची कर्बोदकं २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली आणतात. मग यकृत चरबीपासून कीटोन नावाचे घटक तयार करतं आणि मेंदूसह बरंचसं शरीर त्यावर चालतं. ही स्थिती म्हणजे कीटोसिस. कीटोअ‍ॅसिडोसिस ही वेगळी, जिवावर बेतणारी अवस्था आहे. नावं सारखी असल्यामुळे लोक गोंधळतात.

भाकरी सोडली पण फळं, गुळाचा चहा, वाटीभर आमटी आणि चिवडा चालू राहिला, तर कर्बोदकं कमी झाली इतकंच. तेही वाईट नाही. बऱ्याच घरांत तेवढ्यानेच काम भागतं.

मधुमेहात खरंच उपयोग होतो का, की नुसती लाट आहे?

उपयोग होतो. किती आणि किती काळ, यावर बोलायला हवं.

किटो हा शब्द १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी फिट्सच्या आजारासाठी वापरला. त्याच वर्षी टोरांटोमध्ये इन्सुलिनचा शोध लागला. त्याआधी मधुमेह्यांना जगवायला डॉक्टरांकडे कर्बोदकं तोडण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. म्हणजे कल्पना जुनी आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१९ मध्ये मान्य केलं की कर्बोदकं कमी केल्याने रक्तातली साखर सुधारते, याला चांगला आधार आहे.

पण २०२२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच लोकांना आधी एक आणि मग दुसरा असे किटो आणि भूमध्यसागरी धाटणीचे आहार १२-१२ आठवडे दिले. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, दोन्हींत जवळपास सारखीच सुधारली. किटोत वाईट कोलेस्टेरॉल वाढलं आणि तो आहार पाळणं लोकांना जास्त जड गेलं. ब्रिटनमधल्या २०१७ च्या डायरेक्ट अभ्यासात तर किटो नव्हतंच, रोज सव्वाआठशे-साडेआठशे कॅलरींचा आहार होता. एका वर्षात ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात आला, आणि ज्यांनी १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. त्या सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, हे विसरू नका. माझं मत असं की किटो हा वजन आणि साखर खाली आणण्याचा एक रस्ता आहे. ज्या जोडप्याला तो झेपतो त्यांनी तो नीट धरावा, ज्यांना झेपत नाही त्यांनी स्वतःला दोष देऊ नये.

कोणी करूच नये?

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, टाइप १ मधुमेह असलेले, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा गंभीर आजार असलेले, आणि खाण्याविषयीच्या मानसिक आजारातून गेलेले. पूर्वी मूतखडा किंवा पित्ताशयात खडे झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच.

सुरुवातीला कोणत्या तपासण्या कराव्यात?

दोघांच्याही: एचबीए१सी, उपाशीपोटीची साखर, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, लिपिड प्रोफाइल, यकृताच्या तपासण्या, हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन मुद्दाम सांगते. लोह कमी असलेल्या बायका आपल्याकडे खूप, आणि लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी आहे त्याहून जास्त दिसू शकतं.

मधुमेह असलेल्याने डोळ्याचा पडदाही तपासून घ्यावा. खूप वाढलेली साखर झपाट्याने खाली आली तर आधीपासून पडद्यात असलेला बिघाड काही काळ वाढू शकतो. हे फार कमी लोकांना सांगितलं जातं.

वजनासोबत कंबर मोजा. आपल्या लोकांसाठी पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात.

भाकरी नाही, भात नाही. मग ताटात राहतं काय?

हा प्रश्न विचारताना बायकांच्या चेहऱ्यावर काळजी दिसते, कारण स्वयंपाक त्यांनाच करायचा असतो. आधी आकडे बघू. ज्वारीची मध्यम भाकरी ३५ ते ४० ग्रॅम कर्बोदकं. एक पोळी २० च्या आसपास. वाटीभर भात ४०. दोन चमचे साखरेचा चहा १०, दुधाचे वेगळे. एक केळं २५. म्हणजे एका भाकरीत दिवसाचा कोटा जवळजवळ संपतो. ‘ज्वारी-नाचणी चालते ना? ती पौष्टिक असते,’ असं सगळे विचारतात. पौष्टिक आहेच, पण कर्बोदकांच्या हिशेबात नाचणीचं पीठ गव्हाच्या पिठाहून फार वेगळं नाही.

आता चालतं ते. मेथी, शेपू, अंबाडी, चुका, पालक, कोबी, फ्लॉवर, दोडका, दुधी, पडवळ, कारलं, भेंडी, वांग्याचं भरीत. यांना ताटाचा अर्धा भाग द्या. भाजीत शेंगदाण्याचा कूट, ओलं खोबरं, तीळ सढळ घाला, बेसन आणि गूळ नको. कांदा फोडणीपुरता. अंडी, कोंबडी, मटण, मासे मनसोक्त. बांगडा तळायचा तर रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवू नका, हळद-तिखट-आगळ लावून तव्यावर भाजा. बिनसाखरेची सोलकढी चालते. पांढऱ्या रश्श्यालाही हरकत नाही, पण काजू हात राखून. जवसाची चटणी तर रोज खावी, तिच्यातली बहुतेक कर्बोदकं म्हणजे चोथाच असतो, पोटही साफ राहतं.

आई-बाबांचा एक दिवस सांगते. सकाळी दोन अंड्यांचं आम्लेट आणि बिनसाखरेचा चहा. दुपारी मेथीची कूट घातलेली भाजी, शंभर ग्रॅम पनीर परतून, काकडीची कोशिंबीर, ताक. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे. रात्री चिकनचा रस्सा, कोबीची भाजी, फ्लॉवर किसून वाफवलेला ‘भात’. बाबांना तो भात कधी आवडला नाही. त्यांनी रस्सा वाटीने पिणं पसंत केलं.

आम्ही शाकाहारी आहोत आणि तुम्ही डाळही बंद करताय. प्रथिनं कुठून आणायची?

शाकाहारी किटो अवघड आहे, हे मी आधीच सांगते. डाळीत प्रथिनं आहेत तशी कर्बोदकंही आहेत. कोरड्या तूरडाळीत निम्म्याहून जास्त. वाटीभर घट्ट वरण म्हणजे १५-२० ग्रॅम. मटकीची उसळ, पिठलं, झुणका यांचंही तेच.

६० किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. शंभर ग्रॅम पनीरमधून १८-२० मिळतात, मूठभर शेंगदाण्यांतून ७-८, वाटीभर दह्यातून पाचेक. टोफू, भोपळ्याच्या बिया, सोयाबीनचे चंक्स जोडले तर बेरीज जमते. अंडी चालत असतील तर काम बरंच सोपं होतं. चालत नसतील, तर मी अशा जोडप्यांना कर्बोदकांच्या ५० ग्रॅमचा हट्ट सोडून शंभर ग्रॅमच्या आसपास राहायला सांगते: एका जेवणात अर्धी भाकरी, एक वाटी उसळ, बाकी भाज्या आणि पनीर. कीटोसिस होणार नाही, पण साखर नक्की सुधारते. प्रथिनं कमी पडून स्नायू गेले तर वजनकाट्यावर आनंद दिसतो आणि जिना चढताना गुडघे दुखतात.

तूप किती खायचं? व्हिडिओत तर चहात तूप घालायला सांगतात.

वजन उतरवायचं असेल तर अंगावरची चरबीच जळायला हवी. ताटातल्या तुपाने ती जागा घेतली तर काटा हलत नाही. आईने पहिले दोन महिने चमच्यामागून चमचा तूप आणि खोबरेल खाल्लं. तिचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ वरून १६१ वर गेलं. मग आम्ही तूप दिवसाला दोन चमच्यांवर आणलं, स्वयंपाक शेंगदाण्याच्या तेलात केला, आठवड्यातून तीनदा बांगडा-तारली आणि रोज जवस सुरू केलं. तीन महिन्यांनी आकडा १२६ वर आला. तुमचंही लिपिड प्रोफाइल तीन महिन्यांनी परत करा. हृदयविकार घरात असेल तर यात सूट नाही.

पहिल्या आठवड्यात डोकं दुखतंय, पायात गोळे येताहेत. सोडून देऊ का?

बहुधा मीठ-पाणी कमी पडतंय. मीठ घातलेलं ताक दिवसातून दोनदा, चिकनचं किंवा भाज्यांचं सूप, भरपूर पाणी. चार-पाच दिवसांत बरं वाटतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ वाढवण्याआधी विचारा. पोटॅशियमच्या गोळ्या किंवा पावडरी स्वतःहून अजिबात घेऊ नका, विशेषतः टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर.

बद्धकोष्ठ झालं तर रात्री कोमट पाण्यातून इसबगोल.

साखर घसरली तर काय द्यायचं? किटो मोडेल ना?

मोडू दे. साखर ७० च्या खाली असेल, किंवा घाम, थरथर, गोंधळ दिसत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर परत द्या. पनीर, बदाम, तूप यांनी साखर चढत नाही. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

ग्लिमेपिराइडसारख्या गोळीमुळे घसरलेली साखर वर आल्यावर काही तासांनी पुन्हा घसरू शकते. म्हणून त्या रात्री एकट्याला झोपू देऊ नका, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. ग्लुकोजची पुडी दोघांच्याही पिशवीत हवी. ज्याला मधुमेह नाही त्याच्याही, कारण मदत करणारा बहुतेक वेळा तोच असतो.

यांचं सहा किलो उतरलं, माझं दोनच. मी चुकतेय का?

नाही. पहिल्या पंधरवड्यातलं बरंचसं वजन पाण्याचं असतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, साठा संपला की ते जातं. पुरुषांचे स्नायू जास्त, म्हणून त्यांचा काटा आधी पळतो. पाळी थांबण्याच्या वयातल्या बायकांचं वजन हळू उतरतं. एकमेकांचे आकडे फ्रिजवर शेजारी-शेजारी लिहू नका. आईने तो कागद फाडला आणि त्याजागी स्वतःच्या कंबरेचं माप लिहायला लागली. वजन अडलेल्या महिन्यातही कंबर तीन सेंटिमीटर कमी झाली होती.

जेवणानंतरची साखर छान, पण सकाळची उपाशीपोटीची १३० च्या खाली येत नाही. असं का?

पहाटे शरीर स्वतःच यकृतातून साखर सोडतं. किटोवर हे बऱ्याच जणांत दिसतं आणि ती साखर सगळ्यात शेवटी सुधारते. एका आकड्यावर जाऊ नका, तीन महिन्यांनी एचबीए१सी बघा.

एकच ग्लुकोमीटर दोघांत चालेल का?

टोचायचं पेन आणि सुई प्रत्येकाची वेगळी हवी, यात तडजोड नाही. रक्तातून हिपॅटायटिस बी पसरू शकतो. यंत्र वेगळं घेता आलं तर उत्तम. एकच असेल तर दरवेळी पुसून वापरा आणि वही दोन ठेवा, नाहीतर कोणाचा आकडा कोणाचा ते डॉक्टरांना कळत नाही.

एकादशी, चतुर्थी, श्रावण. उपवासाचं काय?

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. वरी, रताळं, खजूर यांचंही फार वेगळं नाही. मधुमेह्याची साखर माझ्या वह्यांमध्ये सर्वात जास्त उपवासाच्याच दिवशी चढलेली दिसते. शेंगदाण्याची आमटी भगरीशिवाय, काकडीची दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर, दही, पनीर, ओलं खोबरं, ताक, यावर उपवास होतो. आईने आषाढी तशीच केली. निर्जळी उपवास मात्र किटोवर असताना नको.

हा डॉ. दीक्षितांचाच आहार का?

नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात तो भर दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवण्यावर आहे. किटोचा भर काय खाता यावर. दोन्ही एकत्र करायची घाई करू नका, विशेषतः गोळ्या चालू असताना.

घरात सासूबाई आणि मुलं आहेत. दोन स्वयंपाक कोण करणार?

एकच करा. भाजी, कोशिंबीर, रस्सा सगळ्यांसाठी तोच, थोडा जास्त. भाकरी-भात ज्यांना हवा त्यांना वेगळा. वाढत्या मुलांना किटोवर ठेवू नका. आणि नवऱ्याला भाजी निवडायला आणि पनीर परतायला बसवा. ज्या घरात दोघं मिळून स्वयंपाक करतात तिथे हे टिकलेलं मी पाहिलं आहे. जिथे बायको एकटी रांधते आणि वर स्वतःही पथ्य पाळते, तिथे ती दीड महिन्यात थकते.

किती दिवस करायचं? आंबा कधी खायचा?

मी जोडप्यांना तीन ते सहा महिन्यांची मुदत देते. बाबांनी चार महिने कडक पाळलं. एचबीए१सी ८.४ वरून ६.६ वर आलं आणि डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड थांबवलं, मेटफॉर्मिन चालू आहे. आईचं वजन ७० वर आहे. त्यानंतर आम्ही दर पंधरा दिवसांनी एकेक गोष्ट परत आणली: आधी वाटीभर उसळ, मग दुपारची अर्धी भाकरी. प्रत्येक वेळी जेवल्यावर दोन तासांनी साखर मोजली. बाबांना उसळ मानवली. पूर्ण भाकरीला साखर २१० गेली, म्हणून ते अर्धीवरच थांबले.

गोळ्यांशिवाय किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिलं तर त्याला २०२१ पासून मधुमेहाची ‘रेमिशन’ म्हणतात. तो गेला असं नाही. वजन परत आलं की तोही येतो, म्हणून डोळे, पाय, मूत्रपिंड यांची वर्षाची तपासणी चालूच ठेवायची.

आणि आंबा. कडक किटोच्या महिन्यांत नाही. त्यानंतर एका हापूसच्या दोन फोडी, जेवणाच्या शेवटी, त्या दिवशी भाकरी वगळून. मागच्या मे महिन्यात आई-बाबांनी एक आंबा दोघांत मिळून खाल्ला आणि दोन तासांनी दोघांनीही बोट टोचलं. बाबांची साखर १५८ होती.